प्लेसिओसॉर मान हंसासारखी पाण्याबाहेर उंच काढून पोहायचा का? तो जगायचा कसा? (मुलीच्या शाळेसाठी मातीचा नमुना करायचा आहे.)

नाही, डायनासोरांच्या काळातला हा समुद्री सरपटणारा प्राणी मान वर काढून पोहत नव्हता. या मानेपायी माझं एक काम गेलंय, म्हणून राहवलं नाही.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. काही वर्षांपूर्वी एका पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी एलास्मोसॉरस हा लांब मानेचा प्लेसिओसॉर हवा होता. अख्खा प्राणी साधारण 10 मीटर, त्यात मानच 7 मीटरची, मणके 72. एवढी मान हवेत उभी धरायची तर खाली पाय रोवायला जमीन हवी. पाण्यात ती उचलू गेलं तर धडाचा पुढचा भागच बुडेल. म्हणून मी मान समोर सरळ, जराशी खाली कललेली काढली. चिमुकलं डोकं माशांच्या थव्यात शिरलंय आणि धड अजून मागे अंधारात आहे, असं. लांब मानेचा फायदा हाच असावा, की धड दिसायच्या आत तोंड भक्ष्यापाशी पोचतं.

चित्र परत आलं. "मान वर घ्या, मुलांना ओळखू यायला हवं." मी कारणं लिहून पाठवली, तर उत्तर आलं की चुका शास्त्रज्ञांकडूनही होतात, एडवर्ड कोप या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञाने याच प्राण्याचं डोकं शेपटीला जोडलं होतं.

हो, जोडलं होतं, 1869 साली. पण पुढच्या वर्षी जोसेफ लायडी या दुसऱ्या जीवाश्मतज्ज्ञाने चूक दाखवल्यावर त्याच कोपने आपल्या लेखाच्या छापलेल्या प्रती परत गोळा करायची धडपड केली. माझ्या संपादकांना छापण्याआधी सांगितलं होतं, तरी त्यांनी दुसऱ्याकडून हंसमानेचं चित्र करून घेतलं आणि छापलं. ही चूक नव्हे, हा मुलांना गृहीत धरण्याचा प्रकार आहे. मुलांना सरळ मानही ओळखू येते.

बाकी जगणं म्हणाल तर चार वल्ह्यांसारखे पर, आणि श्वासापुरतं वर येणं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये सापडलेल्या दोन एलास्मोसॉरांच्या पोटात शिंपले-गोगलगायी होत्या, म्हणजे मान तळाशीही चरायची. अंडी घालायला किनाऱ्यावर यावं लागत नसावं. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या पॉलिकॉटिलस या आखूड मानेच्या भाऊबंदाच्या पोटात न जन्मलेलं एकच मोठं पिल्लू मिळालंय. आणि डायनासोर म्हणू नका, ते घराणंच वेगळं.

मान नेमकी किती वळायची यावर एकमत नाही, हेही सांगायला हवं. मणक्यांमधली कूर्चा जीवाश्मात सहसा उरत नाही, त्यामुळे आकडे बदलतात. थोडा बाक दिलात तर मी भांडणार नाही.

पण हंस करू नका. शाळेत कोणी "मान वर हवी होती" म्हणालं, तर मुलीला वरचं जमिनीचं कारण सांगू द्या, आणि गुण कापले तरी नमुना बदलू नका. मानेत आधी जाड तार घाला, टोक धडात खोलवर रुतवा. नुसत्या मातीची आडवी मान ओली असतानाच खाली येते.