किती मिनिटं खेळलास?

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुंबईचा नावाजलेला बास्केटबॉल संघ तुला बारावा खेळाडू म्हणून घ्यायला तयार आहे, आपल्याकडचा छोटा क्लब पहिल्या पाचात खेळवायला तयार आहे, आणि तुला झोप लागत नाही. वर मलाच विचारतोस, ‘काका, इस्तंबूलच्या एफेस संघात त्यांच्या स्टार गार्ड लार्किनबरोबर रोज सराव करायला मिळाला तर बाकावर बसणंही शिक्षणच ना?’ तुर्कस्तानच्या लीगचा नाद तुला मीच लावला. तेव्हा उत्तरही तिथलंच घे.

एफेसचं तुला वाटणारं आकर्षण मला कळतं. लीगची 16 विजेतेपदं, 2021 आणि 2022 असे लागोपाठ दोन युरोलीगचे, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचे, करंडक. पण त्याच एफेसमधला फुरकान कोर्कमाझ आठव. 2016 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेची लीग नवे खेळाडू निवडते त्या फेरीत, 26 वा निवडला गेलेला मुलगा. तरी त्याच हंगामात तो एफेसकडून लोनवर, म्हणजे उसना, बांदिर्माला गेला. बांदिर्मा म्हणजे मार्मारा समुद्राच्या दक्षिण काठावरचं बंदर, आणि तिथला तेव्हाचा संघ कोंबडीचं मांस विकणाऱ्या बानविट कंपनीच्या नावाचा. अमेरिकेने निवडलेल्या पोराला तिथे जायला कमीपणा वाटला नाही. तुला आपल्या गावच्या क्लबात वाटतो?

पुढे एनबीएत पोचलेला शेंग्युन घडला तोही बांदिर्मातच. काळ्या समुद्राकाठच्या गिरेसुनचं हे पोर लहान वयात घर सोडून तिथे आलं. 2020 मध्ये तो इस्तंबूलच्या बेशिकताश संघात गेला. त्या हंगामाची अंतिम फेरी एफेस आणि इस्तंबूलचाच दुसरा मोठा संघ फेनरबाहचे यांच्यात झाली, पण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला 18 वर्षांचा शेंग्युन. तो एफेसच्या बाकावर बसून लार्किनला पाहत राहिला असता, तर त्या वर्षी त्याचं नाव किती जणांना कळलं असतं? लार्किनबरोबर सराव करून तुला लार्किनचा खेळ कळेल. तुझा खेळ तुला कळायला अंगावर आलेला बचावपटू लागतो, मागे पडलेला स्कोअर लागतो, शेवटची दोन मिनिटं लागतात. मिनिटं, बाळ. मी दुसरं काही सांगतच नाहीये.

मशिनरी बसवण्याच्या कामासाठी मी 2013 ते 2016 तुर्कस्तानात इझ्मीरला होतो, हे तुला माहीत आहे. तिथल्या कार्शियाका या भागाचं मात्र नीट कधी सांगितलं नाही. या नावाचा अर्थच ‘पलीकडचा काठ’. खाडी ओलांडून बोटीने जायचं. इझ्मीरच्या गाड्यांचा क्रमांक 35, आणि इथली माणसं स्वतःला साडेपस्तीस म्हणवतात. शहरात राहून शहरापासून वेगळं असण्याचा केवढा तो अभिमान! त्यांच्या संघाने लीग जिंकली होती 1987 मध्ये. पुढे 28 वर्षं वाट. जून 2015 मध्ये अंतिम फेरीत त्यांनी एफेसला 4-1 असं हरवलं, त्या रात्री मी त्यांच्या धक्क्यावर उभा होतो. हिरवे-लाल झेंडे, रडणारे म्हातारे, बापाच्या खांद्यावर झोपलेली पोरं. भाषा येत नसून मीही रडलो.

त्या संघाचा गार्ड बॉबी डिक्सन. उंची 1.78 मीटर, म्हणजे तुझ्याएवढीच. वर्षानुवर्षं युरोपभर संघ बदलत फिरलेला माणूस. कार्शियाकाने चेंडू त्याच्या हातात दिला. त्यानंतर वयाच्या 32 व्या वर्षी फेनरबाहचेने त्याला घेतलं, आणि 2017 मध्ये तो युरोलीग विजेता झाला. मोठा संघ त्याच्याकडे आला तो त्याला खेळताना पाहून.

‘छोटा क्लब उद्या बंद पडला तर?’ असंही तू लिहिलं आहेस. पडेल. बांदिर्माचा पडलाच. पण एज्झाजिबाशी या तिथल्या मोठ्या क्लबने लीग आठ वेळा जिंकली होती, तरी त्यांनी पुरुषांचा संघ बंद केला. चार वेळा जिंकलेला उल्केर 2006 मध्ये फेनरबाहचेत विलीन झाला. मोठ्या नावाच्या भरवशावर कुठे चाललायस?

आता माझं. बाविसाव्या वर्षी माझ्यासमोर अशाच दोन वाटा होत्या. मी नोकरी देणारा मोठा संघ निवडला. माझ्या जागेवर दोन सीनियर होते. चार हंगाम मी वॉर्म-अप केला, टाळ्या वाजवल्या, पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या. गावी आलो की लोक जर्सीबरोबर फोटो काढायचे. आई मात्र विचारायची, ‘किती वेळ खेळलास रे?’ मी विषय बदलायचो. सव्विसाव्या वर्षी खेळ सोडला आणि गुडघ्याचं कारण सांगितलं. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. हे आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही.

तुझ्या वडिलांना वाटतं की मी माझं अपयश तुझ्यावर लादतोय. त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण गेली आठ वर्षं शाळेच्या मागच्या कोर्टवर मी प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात उतरवतो, त्यापायी तीन स्पर्धा हरलो, पालकांची बोलणी खाल्ली, आणि तरीही ते मला बरोबरच वाटतं. तूही त्यातलाच. तेराव्या वर्षी तुला डाव्या हाताने ड्रिबल येत नव्हतं, तरी शेवटच्या क्वार्टरमध्ये उतरवलं होतं. आठवतं? तो हात सामन्यांमध्येच तयार झाला.

नोकरीचं म्हणशील तर तुझी पदवी पूर्ण होतेय, भूक मारायला मी सांगत नाही. दोन हंगाम दे. शनिवारपर्यंत क्लबच्या कोचना फोन कर, आणि तो तूच कर, वडिलांना करायला लावू नकोस. पहिला सामना झाला की मला कळव. गुण किती केलेस ते लिहू नकोस, निकालही नको. किती मिनिटं खेळलास तेवढंच लिही.

तुझा,
काका