पारिजातकाचा देठ तांब्याचा

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. गेल्या वर्षी तिची आजी गेली, तेव्हापासून अंगणातल्या पारिजातकाची फुलं वहीत दाबून ठेवते आणि तांब्याच्या तारेची तशीच पेंडंट वळत बसते. आता म्हणते, दागिन्यांचं डिझाइनच शिकायचं. हे म्हणतात, आधी बीकॉम कर, बाकी छंद म्हणून ठेव. कॉलेजला घालावं की सराफ्यात कारागिराकडे बसवावं? आणि यावर पोट भरेल का? (एक आई, इंदूर)

नमस्कार ताई,

तुम्ही पाठवलेले फोटो नीट पाहिले. पारिजातकाचं फूल बहुतेकदा पालथं पडतं, पांढऱ्या पाकळ्या खाली आणि केशरी देठ वर. लेकीने नेमकं ते टिपलंय. ही नजर शिकवून येत नाही. पण तार वळणं वेगळं आणि पत्रा कापून, तापवून, डाख देऊन (म्हणजे वितळणाऱ्या धातूने सांधे जोडून) घडवणं वेगळं. ते तिला झेपतं का आणि आवडतं का, हे कळण्याआधी कॉलेजची फी भरू नका. परीक्षा झाली की तीन-चार महिने तिला हाताने काम करू द्या. राजवाड्यामागच्या सराफ्यात दिवसा कारागीर बसतात. एखाद्या ओळखीच्या सराफाकडून शब्द टाका. रोज दोन तास नुसतं बघायला मिळालं तरी पुष्कळ.

सुरुवात तांब्यावर करायची, चांदीवर नाही. पत्रा मागताना जाडी मिलिमीटरमध्ये सांगा, कारण गेजचे दोन तक्ते चालतात. एकात २२ गेज म्हणजे ०.६४ मिमी, दुसऱ्यात ०.७१. शिकायला ०.७ मिमी ठीक. करवतीची २/० नंबरची पाती डझनाने घ्या, पहिल्याच दिवशी पाच-सहा तुटतील. दाते खालच्या बाजूला करून पातं लावायचं, कापायचं ते खाली येताना. वळणावर पातं पुढे रेटलं की तुटतं. तिथल्या तिथे वरखाली करत पत्रा हळूहळू फिरवायचा.

आता तिचंच फूल घ्या. फोटोतल्या पेंडंटमध्ये प्रत्येक पाकळी सुटी आहे. कागदावर सुंदर दिसते, पण गळ्यात घातल्यावर पहिल्याच दिवशी ओढणीत अडकेल आणि वाकेल. आपले जुने दागिने बघायला सांगा. बोरमाळेत बोराच्या सुरकुत्या नाहीत, नुसती गोलाई आहे. जोंधळी पोतीत कणसाचं पान नाही, फक्त दाणे आहेत. चाफेकळीत कळीचा आकार तेवढा ठेवलाय. काय वगळायचं हे त्या सोनारांना पक्कं ठाऊक होतं. तिनेही सगळ्या पाकळ्या एकाच पत्र्यात कापाव्यात, टोकं कानशीने गोलसर करावीत. तिला आजीच्या अंगणातलं जे आठवतं, तो वर आलेला देठ, तेवढा ठसठशीत ठेवावा. पाकळ्या चांदीच्या आणि देठ तांब्याचा केला तर रंगही आपोआप येतो. २५ मिमी चौरस, ०.७ मिमी जाड चांदीचा तुकडा साधारण साडेचार ग्रॅम भरतो. कापल्यावर त्याहून कमी, म्हणजे रोज वापरता येईल इतका हलका.

बिघडतं ते डाख देताना. डाख नेहमी जास्त तापलेल्या भागाकडे धावतो. बारीक देठ पटकन तापतो, पाकळ्यांचा पत्रा मागे राहतो आणि डाख देठावर चढून बसतो. म्हणून आच आधी पत्र्यावर सगळीकडून फिरवायची, देठाकडे शेवटी यायचं. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं १०८५ ला, पण दोन्ही जिथे एकमेकांना टेकतात तिथे ७७९ अंशांनाच वितळू लागतात. आच जरा जास्त झाली की डोळ्यांदेखत देठ पत्र्यात खचतो. इथे चांदीच्या डाखांपैकी सर्वात कमी तापमानाला वाहणारा वापरा, आणि सांधा नीट भिडलेला, टाकणखार (बोरॅक्स) लावलेला हवा. डाखाने फट भरत नाही.

काळवंडलेला तुकडा स्वच्छ करायला घरी तुरटीचं कढत पाणी पुरतं. ते वापरून निळसर झालेलं असेल तर त्यात लोखंडी चिमटा घालू नये, चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते : डाख कॅडमियम नसलेलाच घ्या. केडीएम म्हणतात तो हाच कॅडमियम, त्याची वाफ फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करते. काम खिडकीपाशी, केस बांधून, सुती कपड्यांत.

कॉलेजचं म्हणाल तर कॉमर्सची अडचण नाही. निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या) बी.डिझाइनला कुठल्याही शाखेची बारावी चालते, तिथे ॲक्सेसरी डिझाइनची, म्हणजे दागिन्यांसारख्या वस्तूंची, शाखा आहे. प्रवेशात हाताने मॉडेल करण्याची चाचणी असते आणि त्यात ही चार महिन्यांची मेहनत कामी येते. जयपूरच्या क्राफ्ट्स अँड डिझाइन संस्थेत धातूचं काम जास्त खोलात जाऊन होतं. मुंबई आणि जयपूरच्या जेम्स अँड ज्वेलरी संस्थांत भर उद्योगाच्या गरजेवर, कॅडवर (संगणकावरच्या डिझाइनवर) आहे. तिचा ओढा हाताच्या कामाकडे असेल तर मी आधी जयपूरच्या क्राफ्टवाल्या संस्थेचा विचार करेन. बीकॉम हवंच असेल तर बाहेरून करता येतं, आणि हिशेब येणं या धंद्यात कामालाच येतं.

कारण पोट भरण्याचा प्रश्न हिशेबाचाच आहे. नुसतं डिझाइन काढून देणाऱ्याला आधी पगाराची नोकरी शोधावी लागते. स्वतः घडवून विकणाऱ्याला धातूचं वजन, घट, पॉलिश, दुकानदाराचा वाटा आणि मुख्य म्हणजे स्वतःचे तास किमतीत धरावे लागतात. नवी मुलं तास धरत नाहीत, म्हणून वर्षभरात थकतात. तिला आजपासून प्रत्येक नगाला किती मिनिटं लागली ते वहीत लिहायला लावा. कानशीचा भुगा चांदीचा आणि तांब्याचा वेगवेगळ्या डब्यांत साठवा. चांदीचा भुगा सराफ विकत घेतो, मिसळलेल्याला भाव पाडून मागतो.

तिच्या बाबांना एवढंच सांगा की निर्णय चार महिन्यांनी घेऊ. तोवर तिने हेच एक फूल तांब्यात दहा वेळा करावं, अकरावं चांदीत. त्या अकराव्याचा फोटो मला पाठवा, पण मागच्या बाजूचा. डाख कसा बसलाय आणि कडा कशा घासल्यात, ते तिथेच कळतं.