नावात ‘नॅनो’ असलेली पदवी की केमिस्ट्री?

साताऱ्याजवळून लिहिणाऱ्या तुला,

तू टी.वाय. बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहेस. आईच्या थायरॉईडच्या रिपोर्टवर ‘ईसीएलआयए’ (विजेने उजेड पाडून रक्तातला घटक मोजायची पद्धत) असं बारीक अक्षरांत छापलेलं दिसलं, म्हणून लॅबमधल्या दादांना विचारलंस. ते म्हणाले, “मशिनमध्ये उजेड पडतो, तो मोजतात.” त्या एका वाक्यापायी तू दोन महिने वाचत बसलीस आणि आता तुला नॅनोपदार्थ, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे पदार्थ, वापरून असे सेन्सर आणखी संवेदनशील करायचे आहेत. एम.एस्सी. नॅनोसायन्सला करू की केमिस्ट्रीत, हा तुझा प्रश्न. बाबांचं म्हणणं, बी.एड. कर, लवकर पायावर उभी राहशील.

केमिस्ट्री घे, आणि त्यातही अ‍ॅनालिटिकल किंवा फिजिकल. का, ते त्या उजेडातूनच सांगते.

रक्तातलं टीएसएच हे थायरॉईडच्या तपासणीत मोजलं जाणारं हार्मोन पकडणाऱ्या अँटिबॉडीला (नेमक्या एका पदार्थाला चिकटणाऱ्या प्रथिनाला) रुथेनियमचं एक संयुग बांधलेलं असतं. इलेक्ट्रोडला सव्वा व्होल्टच्या आसपास विद्युतदाब दिला की ते संयुग आणि द्रावणातलं ट्रायप्रोपिलअमाइन, दोघंही इलेक्ट्रॉन गमावतात. त्यांच्या पुढच्या अभिक्रियेत रुथेनियम उत्तेजित होतं आणि खाली येताना ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश सोडतं. मग पुन्हा पहिल्यासारखं होऊन तेच संयुग परत उजळायला तयार! बाहेरून दिवा लावायचा नसल्यामुळे मागची पाटी काळीकुट्ट राहते, त्यामुळे अगदी थोडा उजेडही मोजता येतो. मला या पद्धतीतलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

पण हा उजेड इलेक्ट्रोडपासून जेमतेम काही मायक्रोमीटरपर्यंतच पडतो, कारण अमाइनचे क्रियाशील तुकडे त्यापुढे पोचेपर्यंत टिकत नाहीत. नॅनोपदार्थांचं काम इथे सुरू होतं. सिलिकाच्या एका नॅनोकणात रुथेनियमची हजारो संयुगं भरता येतात, म्हणजे एका अँटिबॉडीमागे एकाऐवजी हजारो दिवे. सोन्याचे नॅनोकण किंवा ग्राफीन (कार्बनचा अतिपातळ थर) इलेक्ट्रोडवर बसवले की पृष्ठभाग वाढतो आणि इलेक्ट्रॉनची ये-जा सोपी होते.

शोधनिबंधांत हे वाचताना सगळं सोपं वाटतं. प्रत्यक्षात तो भरलेला कण जिथे चिकटायला नको तिथेही चिकटतो, आणि टीएसएच नसलेला नमुनासुद्धा उजळतो. आज बनवलेले कण आणि पुढच्या महिन्यात बनवलेले कण सारखे निघत नाहीत. बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ द्रावणात, सुरेख चालणारा सेन्सर सीरममध्ये (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) घातला की तिथली प्रथिनं इलेक्ट्रोडवर थर धरतात. कॅडमियमचे क्वांटम डॉट, म्हणजे उजळणारे नॅनोकण, चांगले उजळतात, पण विषारी आहेत. यातली बहुतेक कोडी सोडवायला इलेक्ट्रोडवर काय घडतंय हे वाचता यावं लागतं. टेक्सासच्या अ‍ॅलन बार्ड यांच्या गटाने २००२ मध्ये सिलिकॉनच्या नॅनोकणांतून असा उजेड काढून दाखवला, तेव्हा बार्ड या उजेडावर १९६०च्या दशकापासून काम करत होते. ते मुळात इलेक्ट्रोकेमिस्ट होते.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. सीएसआयआर-नेटला, म्हणजे विज्ञानातल्या संशोधन शिष्यवृत्तीच्या आणि प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, नॅनोसायन्स असा विषयच नाही, केमिकल सायन्सेस आहे. केमिस्ट्रीची एम.एस्सी. असली की नेट, डायग्नोस्टिक्स कंपन्यांतलं रिएजंट आणि क्वालिटीचं काम, शिवाय बाबांचं बी.एड., सगळे रस्ते खुले राहतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचं वेगळं स्कूल आहे. तिथल्या लोकांना भेट, प्रयोगशाळा बघ, पण पदवी केमिस्ट्रीचीच असू दे. एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचं असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत असते. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, तारीख चुकवू नकोस.

शेवटच्या सत्राच्या प्रोजेक्टसाठी एक सुचवते. ल्युमिनॉल (अभिक्रियेत निळं उजळणारं रसायन), थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, अल्कधर्मी द्रावण आणि इलेक्ट्रोड म्हणून पेन्सिलचं शिसं. विद्युतदाब दिला की निळा उजेड येतो. बुटाच्या काळ्या रंगवलेल्या खोक्यात ठेवून मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपता येतो. पेरॉक्साइडचं प्रमाण बदलत उजेड मोज. मग त्याच शिशावर कार्बनचा नॅनोपदार्थ बसवून पुन्हा मोज. सरांच्या देखरेखीखालीच कर, चष्मा आणि हातमोजे घालून. आणि दर वेळी पेरॉक्साइड नसलेलं ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचं द्रावण, घेच. कॉलेजात पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचा विद्युतदाब नेमका राखणारं यंत्र) असेल तर फारच छान. तो कपाटात पडून असला तर काढायला लाव! या प्रोजेक्टमध्ये पाच वेळा तेच माप आणताना तुला कंटाळा येतो की जिद्द चढते, ते बघ. या क्षेत्रातले दिवस बहुतेक असेच जातात.

बाबांना हे पत्र वाचायला दे. एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि पुढे पीएच.डी.ची साधारण पाच, हा काळ लांबच आहे आणि त्यांची काळजी रास्त आहे. मात्र नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. जेआरएफ नाही मिळाली, तर एम.एस्सी.नंतर बी.एड. करता येईल, हे मी तुम्हा दोघांनाही सांगते आहे. तूर्त जॅमचा अर्ज आणि कोल्हापूरची एक फेरी, एवढ्याला त्यांचा होकार घे.