आधी श्वास सोड, मग बाकीचं बोलू

बाळा,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तू बोलत कमी होतास आणि धापा जास्त टाकत होतास. अभ्यासिकेत बसल्या बसल्या डोकं हलकं झालं, पुस्तकातली अक्षरं लांब गेल्यासारखी वाटली, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या, रूममेटने ऑक्सिमीटर लावला तर ९९, मग ईसीजी नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल, शुगर नॉर्मल, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की "काही नाही रे, मनाचं आहे". ते ऐकून मला रात्रभर झोप नाही. मनाचं आहे म्हणजे काय, खोटं आहे? घेरी खरी आहे, आणि ती का येते हे आठवीतल्या पोरालाही समजावता येतं.

माझी आजी मला चूल पेटवायला बसवायची. ओली लाकडं असायची, फुंकणी तोंडाला लावून भराभर आठ-दहा फुंका मारल्या की डोळ्यांपुढे काजवे यायचे, आजी म्हणायची धूर लागला. नुसता धूर नव्हता तो. फुगे फुगवतानाही तसंच होतं, तिथे कुठला धूर? तुला अभ्यासिकेत झालं ते हेच, फक्त तुझी फुंकणी कुणाला दिसत नाही.

मी तुला श्वसनाचा धडा शिकवला तेव्हा अर्धवट शिकवला, ऑक्सिजन कामाचा आणि कार्बन डायऑक्साइड टाकाऊ, असं फळ्यावर लिहून मोकळी झाले. ते टाकाऊ नाही रे. रक्तात तो साधारण ४० च्या आसपास (पाऱ्याचे मिलिमीटर) राहावा लागतो, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्या किती उघड्या राहायच्या ते बरंचसं त्याच्यावर ठरतं. काळजीने श्वास भरभर आणि मोठा झाला की ऑक्सिजन काही फारसा वाढत नाही, तो आधीच ९९ आहे, पण कार्बन डायऑक्साइड मात्र भसाभसा बाहेर जातो. तो एकेका मिलिमीटरने उतरला की मेंदूकडे जाणारं रक्त साधारण दोन ते चार टक्क्यांनी कमी होतं, आता तूच हिशोब कर, दहाने उतरला तर काय होईल. वर जे उरलेलं रक्त पोचतं त्यातलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजन सहजी सोडत नाही, हे क्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं (अणूवाल्या नील्स बोरचे वडील). मुंग्या येतात त्याही यामुळेच, रक्त जरा अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं. म्हणून आधी श्वास सोड. घेऊ नकोस, सोड.

हे मला कुणी सांगितलं असतं तर! १९९१ ला बी.एड.च्या पाठ परीक्षेत मी फळ्यापाशी उभी, हातात खडू, आणि बोटं अशी आखडली की खडू सुटेना. परीक्षक म्हणाले, "मॅडम, दीर्घ श्वास घ्या." घेतला, आणखी घेतला, आणि खुर्चीत कोसळले. घरी म्हणाले उपवासामुळे, सलाईन लावलं, टॉनिक आणलं. पुढची अकरा वर्षं मी दाराजवळची खुर्ची धरून बसले. केंद्रप्रमुखपद चालून आलं तेही नाकारलं, मीटिंगा, भाषणं नकोत म्हणून. लोकांना वाटलं घरची जबाबदारी असेल, मीही मान डोलावली. आता म्हणशील वर्गात राहिलात म्हणून आम्हाला शिकवलंत, आणि ते खरंच आहे, मी वर्गात राहिले याचा मला पश्चात्ताप नाही, पण राहायचं की जायचं हे ठरवलं कुणी, मी का त्या घेरीने, हे अजून टोचतं.

२००२ साली तालुक्याच्या एका डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून दोन मिनिटं मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. दीड मिनिटातच तीच घेरी, त्याच मुंग्या, तीच आखडलेली बोटं. मी रडले ती भीतीने नाही, अकरा वर्षांच्या रागाने. (तू एकट्याने करून बघू नकोस हे.)

आणि तू काय करतोयस, तर बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, इलेक्ट्रालची पाकिटं, दाराजवळची सीट. दाराजवळची सीट आजच सोड. पडशील ही भीतीही बहुतेक वेळा फुकट आहे, माणूस बेशुद्ध पडतो ते बीपी धाडकन उतरल्यावर, आणि अशा घबराटीत बीपी उलट चढतं. रक्त किंवा सुई बघून चक्कर येते ती वेगळी. पण खरंच शुद्ध हरपली, छातीत दुखलं, जिना चढताना चक्कर आली किंवा एका बाजूचा हात लुळा वाटला तर मला फोन करत बसू नकोस, दवाखान्यात जा.

आता नीट ऐक. बशीत गरम चहा ओतलाय असं समज आणि त्यावर अशी फुंकर घाल की साय हलेल पण चहा सांडणार नाही. सहा-सात आकडे होईपर्यंत सोड. मग नाकाने, तोंड मिटून, लहानसा श्वास आपोआप आत येऊ दे, ओढू नकोस. तू म्हणशील चूल फुंकतानाही आपण सोडतच असतो की. हो, पण दोन फुंकांच्या मध्ये जो मोठा घोट घेतो तोच घात करतो. सिनेमातली कागदी पिशवी नको, दम्याच्या किंवा हृदयाच्या माणसाला ती धोक्याची ठरते. आणि दिवसभर तू जे सुस्कारे टाकतोस, जांभया देतोस, ते मोज एकदा, कारण तुझी कार्बन डायऑक्साइडची पातळी तिथेच खाली येऊन बसते आणि मग पेपरच्या एका विचाराने डोकं गरगरतं.

कुणी "खोल श्वास घे" म्हणालं तर हो म्हण आणि सोड. माझ्याशी यावर वाद घालणारे खूप आहेत, घालू देत.

रविवारी रात्री नऊला फोन कर. वाक्य संपलं की थांब, मी मधे बोलणार नाही, तू सोडतोयस की ओढतोयस ते मला फोनवर ऐकू येतं.

तुझी,
मॅडम