बारशाचा ४ जीबीचा व्हिडिओ क्वालिटी न घालवता लहान कसा करायचा?

हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. नुकसान अगदी शून्य होणार नाही, पण नीट केलं तर डोळ्याला फरक कळत नाही.

त्यात एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) एच.२६५ निवडा, नातेवाइकांचे फोन जुने असतील तर एच.२६४. बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) स्वतः ठरवू नका, ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ ठेवा. १०८०पी साठी आरएफ (म्हणजे क्वालिटीचा आकडा) २२ च्या आसपास. हा आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आधी मिनिटभराचाच तुकडा करून बघा, तोही कमी उजेडातला, पाळण्याजवळचा. चित्र बिघडतं ते आधी अशाच अंधाऱ्या भागात. तिथे चौकोन दिसले तर आकडा २० वर आणा.

चित्रण ४के असेल आणि सगळे मोबाइलवरच बघणार असतील तर १०८०पी करा, पिक्सेल एक चतुर्थांश होतात.

व्हॉट्सॲपवर मात्र गॅलरीतून पाठवू नका, ते व्हिडिओ पुन्हा दाबून लहान करतं आणि सगळी मेहनत वाया जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पोहोचते.

आणि मूळ फाइल कृपा करून डिलीट करू नका. लेक मोठी झाल्यावर तीच लागेल.