‘कॅरी’च्या पोटात गाडी आहे

‘कॅरीबॅग’मधला ‘कॅरी’ आणि हात या अर्थाचा आपला ‘कर’ एकाच मुळातले का, असा प्रश्न आला आहे. नाही. ‘कर’ हा ‘कृ’ धातूवरून आला. जो करतो तो कर. ‘कॅरी’ निघाला तो गाडीतून.

गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, केल्टिक लोकांच्या गाडीचं नाव रोमनांनी उचललं आणि लॅटिनमध्ये ‘कारुस’ झालं. त्यावरून ‘कारिकारे’, गाडीत माल भरणे. उत्तर फ्रान्सच्या नॉर्मन बोलीत त्याचं ‘कारिए’ झालं आणि १४व्या शतकात इंग्रजीत ‘कॅरी’ आला. पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये याच ‘क’चा ‘च’ झाला होता, त्या वाटेने ‘चार्ज’ मिळाला. त्याचा मूळ अर्थ ओझं लादणे; बॅटरी ‘चार्ज’ करतो तेव्हाही आपण ती भरतोच. ‘कार्गो’ स्पॅनिशमधून आला. ‘करिअर’सुद्धा याच कुळातला: आधी गाडीवाट, मग शर्यतीचा मार्ग, शेवटी नोकरीधंद्याची वाटचाल. म्हणून सायकलच्या ‘कॅरियर’ला ‘करिअर’ लिहू नये. नातं असलं तरी शब्द दोन आहेत.

वाहून नेण्यासाठी इंग्रजीचा घरचा शब्द ‘बेअर’, जुना ‘बेरान’. हा मात्र आपल्या ‘भृ’ (धारण करणे, वाहणे) या संस्कृत धातूचा सख्खा भाऊ. संस्कृत ‘भ’च्या जागी तिथे ‘ब’ दिसतो, जसे भ्राता आणि ब्रदर. आपल्याकडे भार, गवताचा भारा, भार्या. तिकडे ‘बर्डन’, ‘बर्थ’ म्हणजे जन्म, आणि ‘व्हीलबॅरो’मधला ‘बॅरो’.

आणखी एक जोडी फार सुंदर आहे. ‘वह्’वरून आपलं वाहणे आणि वाहन, त्याच प्राचीन मुळातून इंग्रजीत ‘वॅगन’ आणि वजन करण्याचा ‘वे’. आपण क्रियेवरून गाडीला नाव दिलं, ‘कॅरी’त गाडीवरून क्रियेला मिळालं.

भाषांतर करताना ‘कॅरी’ला सरसकट ‘वाहून नेणे’ लावलं की मराठी बिघडते. मूल कडेवर घेतात, मोळी डोक्यावरून नेतात, पालखीला खांदा देतात, डबा नुसता नेतात. ‘कॅरी’शी हाताचा संबंध येतो तो फक्त गणितात, जिथे इंग्रजी ‘कॅरी’ला आपण हातचा म्हणतो, आणि तोही आपल्या मराठीमुळे: ८ आणि ७ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक.