वाचकांचे प्रश्न : पाऊण कोटी ठिपके आणि एक रिकामा एक्स-रे

मागच्या अंकात एक्स-रे विभागातल्या रेडिएशन सुरक्षेवर लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र जवळजवळ सगळी चित्राच्या दर्जाबद्दल. माझी हरकत नाही. सातारा, सांगली, रत्नागिरी या पट्ट्यातल्या हॉस्पिटलांत यंत्रांच्या क्वालिटी ॲश्युरन्स (क्यूए, म्हणजे दर्जाच्या) चाचण्या करत फिरणं हेच माझं काम, त्यामुळे प्रश्न ओळखीचे आहेत. निवडक पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : आम्हा दोघा डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल आहे. नुकतंच नवीन डिजिटल एक्स-रे पॅनेल घेतलं. बसवून देताना इंजिनिअरने दिलेल्या रिपोर्टात ‘डिफेक्टिव्ह पिक्सेल’ असा रकाना आहे आणि त्यात चक्क आकडा आहे, शून्य नाही! कर्ज काढून घेतलेल्या नव्याकोऱ्या वस्तूत खराब माल कसा? विक्रेता म्हणतो, ‘सगळ्यांतच असतं.’ ही बनवाबनवी तर नाही? – एक डॉक्टर, चिपळूण

उत्तर : विक्रेता खरं बोलतोय. (हे वाक्य मला फार वेळा लिहायला मिळत नाही.)

तुमचं पॅनेल ३५ बाय ४३ सेंटिमीटरचं असेल आणि एकेक पिक्सेल साधारण ०.१४ मिलिमीटरचा धरला, तर हिशेब पाऊण कोटीच्या आसपास जातो. या प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा फोटोडायोड आणि स्वतःचा ट्रान्झिस्टर, आणि ही सगळी वस्ती एका काचेवर. तिच्यावर सीझियम आयोडाइडचा थर. एक्स-रे त्या थरात शिरतो, त्याचा उजेड होतो, उजेडाची वीज होते आणि ती ओळीओळीने वाचली जाते. एवढ्या गर्दीत एकही मुका निघणार नाही, अशी अपेक्षा पॅनेल बनवणारेही ठेवत नाहीत. काही पिक्सेल काहीच सांगत नाहीत, काही कायम ओरडत असतात, आणि काही लहरी असतात, आज ठीक, उद्या वेडेवाकडे. मला शेवटच्यांचाच जास्त त्रास होतो, कारण चाचणीच्या दिवशी ते शहाण्यासारखे वागतात.

या सगळ्यांची यादी पॅनेलसोबत असते, तिला बॅड पिक्सेल मॅप म्हणतात. चित्र तयार होताना यादीतल्या पिक्सेलचं म्हणणं बाजूला ठेवलं जातं आणि आजूबाजूच्या चांगल्या पिक्सेलांवरून तिथे किंमत भरली जाते. वर्गात एखादा मुलगा गैरहजर असला की शेजारचा त्याच्या नावाने ‘हजर’ म्हणतो, तसं. एकटादुकटा असेल तर खपून जातं. पण अख्खं बाकच गैरहजर असेल तर ‘हजर’ म्हणायचं कोणी?

म्हणून तुमच्या रिपोर्टातल्या एकूण आकड्यापेक्षा ते पिक्सेल कसे बसलेत हे विचारा. इकडे एक, तिकडे एक असे विखुरलेले असतील तर शांत झोपा. एकमेकांना चिकटून घोळका असेल तर तो किती मोठा आणि पॅनेलच्या मध्यावर की कडेला, हे बघा. अख्खी ओळ गेली असेल तर तिच्या शेजारचीही ओळ शाबूत आहे ना, ते बघा. लागून दोन ओळी गेल्या की भरायला आधार फार थोडा उरतो. किती मोठा घोळका चालतो, किती ओळी चालतात, याच्या मर्यादा प्रत्येक कंपनीने आपापल्या कागदांत दिलेल्या असतात. तो कागद मागून घ्या. पॅनेल वॉरंटीत बदलून मिळणार की नाही, हे त्या पानावर ठरतं.

उद्या मॅमोग्राफी घ्यायचा विचार असेल तर हीच चौकशी दुप्पट कडक करा. तिथे पिक्सेल साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरचा असतो आणि शोधायचे असतात अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान कॅल्शियमचे कण. घोळका भरून काढण्याच्या नादात एखादा खरा कण पुसला गेला, तर ते कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

आणि माझं आवडतं दुखणं. दर कॅलिब्रेशनला (पॅनेलचं मोजमाप पुन्हा जुळवताना) नवे खराब पिक्सेल सापडतात, ते यादीत जातात, आणि चित्र पुन्हा नितळ. त्यामुळे ‘चित्र तर छान येतंय की’ हे पॅनेल ठणठणीत असल्याचं प्रमाणपत्र धरू नका. यादी गुपचूप वाढत असते. आजच्या मॅपची प्रत स्वतःकडे ठेवा आणि इंजिनिअर पुढे दर वेळी येईल तेव्हा नव्या मॅपचा स्क्रीनशॉट घेतल्याशिवाय सर्व्हिस रिपोर्टवर सही करू नका. दोन चहा जास्त पाजावे लागतील, पण घ्या.

प्रश्न : ताई, माझ्या भावाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. अर्ध्या तासाने पुन्हा आत बोलावलं. ‘रिंग आलीय, परत काढावा लागेल’ एवढंच सांगितलं. मशीन बिघडलेलं होतं का? दोनदा रेडिएशन बसलं त्याचं काय? – एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी भीतीचं. डोक्याच्या एका सीटीचा डोस साधारण २ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. माती, हवा, अन्न आणि आकाशातून येणारे किरण मिळून माणसाला वर्षाला जगाची सरासरी धरली तर २.४ मिलिसिव्हर्ट असेही मिळतातच. म्हणजे एका जास्तीच्या स्कॅनने भावाच्या तब्येतीची काळजी करत बसू नका. तरी तो स्कॅन टाळता आला असता का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

सीटीत एका बाजूला एक्स-रे सोडणारी ट्यूब आणि समोर कमानीत बसवलेले, ते एक्स-रे मोजणारे डिटेक्टर, दोघं मिळून पेशंटभोवती फिरतात. एका ओळीत साधारण आठ-नऊशे घटक. ६४ ओळींचं यंत्र असेल तर अर्ध्या लाखाहून जास्त. समजा त्यातला एकच घटक थोडं जास्त सांगतोय. तो फिरत असला तरी त्याची नजर मध्यापासून कायम तेवढ्याच अंतरावरून जाते. फेरीभर त्याची चूक त्याच अंतरावर साचत राहते आणि चित्रात वर्तुळ उमटतं. चूक एक टक्क्याहून कमी असली तरी डोळ्याला दिसते. कडेचा घटक बिघडला तर मोठं कडं, मधला बिघडला तर अगदी छोटी रिंग किंवा नुसता ठिपका. हा मधला जास्त घातक, कारण डोक्याच्या स्कॅनमध्ये मध्याच्या जवळपास मेंदूचा नाजूक भाग येतो आणि तो ठिपका खऱ्या आजारासारखा दिसू शकतो. तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी रिंग ओळखून स्कॅन परत मागवला, हे त्यांनी बरंच केलं.

आता चूक कुठे असू शकते? रोज सकाळी ट्यूब गरम करून मग गँट्री (पेशंट ज्यातून आत सरकतो ते गोल कडं) रिकामी ठेवून ‘एअर कॅलिब्रेशन’ करायचं असतं. मध्ये फक्त हवा, म्हणजे सगळ्या घटकांनी आपापल्या जागी काय सांगायला हवं ते ठरलेलं. जो वेगळं सांगेल त्याची तिथेच दुरुस्ती. नंतर पाण्याने भरलेलं गोल फँटम, म्हणजे चाचणीचं भांडं, ठेवून एक स्कॅन : पाण्याचा आकडा शून्य यायला हवा (चार-पाच इकडेतिकडे चालतात), हवेचा उणे हजार. हे मोजमाप हाउन्सफील्ड यांच्या नावाने चालतं, ज्यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनमधल्या हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला. फँटमच्या चित्रात रिंग असेल तर ती तिथेच पकडली जाते, पेशंट टेबलावर यायच्या आधी.

पण सकाळी बाहेर वीस माणसं ताटकळलेली असतात, कोणीतरी म्हणतं ‘काल केलं होतं ना’, आणि कॅलिब्रेशन राहून जातं. रात्री लाइट गेली, यूपीएसने दम तोडला, यंत्र पूर्ण बंद पडलं, तर आणखी पंचाईत. डिटेक्टर ठरावीक तापमानावर ठेवलेले असतात. यंत्र चालू केल्यावर ते तापमान यायला वेळ लागतो, आणि तोवर काढलेल्या स्कॅनचा भरवसा नाही. दुसऱ्या स्कॅनचे पैसे घेतले असतील तर परत मागा. माझ्या मते ते पेशंटच्या माथी मारणं चूक आहे.

प्रश्न : मॅडम, मी एक्स-रे टेक्निशियन. आमच्याकडे रात्री एसी बंद करतात. पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या काही फिल्मांवर पुसट पट्टे येतात, मग जातात. शिवाय हल्ली छातीच्या एक्स-रेत एक धूसर ठिपका दिसतो. इंजिनिअर ‘येतो, येतो’ म्हणतो. तोवर मी काय तपासू? – रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पट्ट्यांचं कारण तुम्हीच लिहिलंय. पॅनेलवर एक्स-रे पडला नाही तरी त्यातून थोडा सिग्नल येतच असतो, आणि तो तापमानाप्रमाणे बदलतो. यंत्र तो मोजून वजा करतं, पण पॅनेल अजून थंड-गरम होत असताना मोजलेला आकडा थोड्या वेळाने लागू पडत नाही. पॅनेल चालू करून अर्धा तास जाऊ द्या, मग पहिला पेशंट घ्या. एसीचं बिल आणि पॅनेलची किंमत हे दोन्ही आकडे एका कागदावर लिहून मालकांपुढे ठेवा, बोलावं लागणार नाही. कोकणात आणखी एक काळजी : गार खोलीतलं पॅनेल दमट वॉर्डात नेलं की त्यावर पाणी धरतं. पुसून, थोडं थांबून मगच वापरा. सीझियम आयोडाइडला ओल मानवत नाही; पॅनेल बंदिस्त असतं हे खरं, पण एकदा आपटलेलं पॅनेल किती बंदिस्त राहिलंय कोण जाणे.

आता ठिपका. दोन वेगवेगळ्या पेशंटच्या फिल्म न कापता, पूर्ण पॅनेलचं चित्र म्हणून शेजारी उघडा. ठिपका अगदी त्याच जागी असेल तर तो पेशंटचा नाही. मग रिकामा एक्स-रे काढा. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढा, पॅनेल सपाट ठेवा, ट्यूब जमेल तेवढी लांब न्या, कॉलिमेटर (ट्यूबच्या तोंडाची, किरणांचा झोत आवळणारी पेटी) पूर्ण उघडा आणि त्याच्या तोंडाशी २ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा लावा. पत्रा कारखान्यात लाटलेला, सारख्या जाडीचाच हवा. पुण्याच्या तांबट आळीतला ठोक्याचा पत्रा दिसायला देखणा, पण चित्रात हातोडीचा एकेक घाव मोजता येईल! खोलीत कोणी नाही ना बघून ७० केव्हीवर एक्सपोजर द्या. पेशंटच्या नावाच्या जागी ‘क्यूसी’ (क्वालिटी कंट्रोल) आणि तारीख टाका. प्रोसेसिंग शक्यतो बंद असलेला टेस्ट प्रोग्रॅम निवडा, नाहीतर सॉफ्टवेअर दोष झाकून टाकेल.

चित्र आलं की विंडो (स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्यात दाखवायची मर्यादा) अगदी आवळा, म्हणजे बारीकसा फरकही ठळक होईल. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू उतरती छटा दिसली तर घाबरू नका, ट्यूबच्या ॲनोडच्या बाजूला किरण मुळातच कमी पडतात. तुम्हाला शोधायचेत ठिपके, उभ्या-आडव्या रेघा आणि चौकोनी तुकड्यांच्या कडा. ठिपका दिसला की ट्यूब आणि पत्रा न हलवता फक्त पॅनेल अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा एक्सपोजर द्या. कन्सोलवर दोन्ही चित्रं पॅनेलच्याच दिशेने दिसतात असं धरलं, तर पॅनेलचा दोष दोन्हीत त्याच जागी राहील; ट्यूब, पत्रा किंवा कॉलिमेटरचा दोष पलीकडे उडी मारेल.

दोष पॅनेलचाच ठरला तरी पॅनेल बिघडलंय असं लगेच धरू नका. एका हॉस्पिटलात मी पाहिलेला डाग सफाई झाल्याच्या दिवसापासून यायला लागला होता. कॉलिमेटरच्या पारदर्शक काचेवर कॉन्ट्रास्ट औषधाचा (जे एक्स-रेत उठून दिसतं) थेंब वाळून बसलेला. तो तिथे असतानाच कोणीतरी गेन कॅलिब्रेशन (सगळ्या पिक्सेलांचं मोजमाप सारखं करून घेणं) केलं, आणि यंत्राने समजूत करून घेतली की या जागी किरण नेहमी कमीच येतात, तेव्हा इथलं मोजमाप वाढवून घ्यायचं. पुढे मावशींनी काच लख्ख पुसली. थेंब गेला, वाढीव मोजमाप राहिलं, आणि प्रत्येक छातीच्या एक्स-रेत फुप्फुसावर नाण्याएवढा काळसर, धूसर गोल. टीबीच्या पेशंटमध्ये असा गोल म्हणजे पोकळी वाटायला किती वेळ लागतो? काच स्वच्छ असताना पुन्हा कॅलिब्रेशन केलं, डाग गेला. तुमच्याकडेही आधी काच बघा. पुसल्यावर कॅलिब्रेशन, कॅलिब्रेशनच्या आधी पुसणं, दोन्ही.

हा रिकामा एक्स-रे दर आठवड्याला काढा आणि डिलीट करू नका. इंजिनिअरला ‘ठिपका येतो’ असं फोनवर सांगण्यापेक्षा तारखेवार चार चित्रं व्हॉट्सॲपवर गेली, की ‘येतो, येतो’चं ‘उद्या सकाळी येतो’ होतं, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) क्यूए चाचणी दोन वर्षांतून एकदा होतेच. मग रोजच्या-आठवड्याच्या तपासण्यांचा खटाटोप कशाला? – एक हॉस्पिटल व्यवस्थापक, कराड

उत्तर : कारण आमची चाचणी एका दिवसाची असते. आम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी पॅनेल हातातून निसटलं तर आमच्या रिपोर्टाला ते कसं कळणार? बऱ्याच वायरलेस पॅनेलांत आपटल्याची नोंद आतच होते, एवढं कर्मचाऱ्यांच्या कानावर घालून ठेवा. लपवालपवी कमी होते.

प्रश्न : सोनोग्राफीच्या प्रोबमध्येही असे ‘मेलेले’ भाग असतात का? – सोलापूर

उत्तर : असतात. साध्या प्रोबमध्ये १२८ किंवा १९२ घटक ओळीने बसवलेले असतात. एका रेघेच्या चित्रासाठी बरेच घटक मिळून काम करतात, म्हणून एक-दोन गेले तर नेहमीच्या चित्रात कळत नाही. डॉप्लरमध्ये (रक्ताचा वाहता प्रवाह बघताना) त्रास आधी जाणवतो. प्रोब स्वच्छ पुसून हवेत धरा आणि गेन वाढवा. वरच्या बाजूला सरळ, सारखे पट्टे दिसायला हवेत. मध्येच काळी उभी फट असेल तर तिथे गडबड आहे. मग पेपरक्लिप सरळ करून, प्रोबवर किंचित जेल लावून, तिची तार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलक्या हाताने सरकवा. खाली उठणारी चमकदार रेघ जिथे विझते, तिथला घटक मेलेला. खरवडू मात्र नका. कधीकधी दोष प्रोबच्या तोंडाशी नसून केबलमध्ये निघतो, ट्रॉलीचं चाक तिच्यावरून गेलेलं असतं. आणि प्रोब बदललाच तर उपकरणातला बदल पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंग निदानविरोधी कायद्याच्या) कार्यालयाला कळवायचं काम आधी उरका, नवा प्रोब नंतर लावा.